नरहररावांचं प्रस्थान

कुठूनही कुठेही कसं जायचं, ते नरहर पुराणिकांना विचारा! गोंदियाहून गुवाहाटी? तोंडपाठ. रामेश्वरहून रक्सौल? गाडी कुठे बदलायची, चहा कुठल्या स्टेशनवर प्यायचा आणि कुठल्या स्टेशनवर अजिबात प्यायचा नाही, हेसुद्धा सांगतील. सांगणारच! अख्खी नोकरी रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीमागे झालेली. त्या काचेच्या भोकातून त्यांनी निम्मा हिंदुस्थान इकडचा तिकडे पाठवला. स्वतः मात्र ते प्रयागच्या पलीकडे फारसे गेले नव्हते. कुणी हे तोंडावर बोललंच तर म्हणत, "सिग्नल कधी गाडीबरोबर पळतो का? तो जागेवर असतो म्हणून गाड्या पळतात!"

निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, खोड सुटली नाही. काशीतल्या पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आपल्या दाराच्या ओट्यावर ते बसत आणि येणाऱ्या जाणाऱ्याला, त्याने विचारलेलं नसताना, मार्ग दाखवत. दूधवाला चौकात जात असला तरी त्याला सांगत, "डावीकडून जा."

अशा माणसाची मुलगी ईशानी लग्न होऊन गेली कुठे, तर खुलन्याला! बांगलादेशात! जिथे हौसेने फिरायला कुणी जात नाही, आणि जिथे आधीच इतकी माणसं आहेत की आणखी दोन गेली तर उभं कुठे राहायचं हा प्रश्न. जावई अनिमेष तिथे कोळंबी गोठवायच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. नरहरराव लोकांना सांगत, "शीतगृहात मोठ्या हुद्द्यावर आहे." कोळंबीचं नाव पुराणिकांच्या घरात निघत नसे.

ईशानीला मुलगा झाला, त्याचं नाव वेदांत ठेवलं, तो पालथा पडला, बसला, रांगला. हे सगळं तिच्या आईने, गीताकाकूंनी, फोनच्या हाताएवढ्या काचेत पाहिलं. नातू मांडीवर घ्यायचा एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. आता सोमवारी त्याचा पहिला वाढदिवस होता आणि त्यांनी नवऱ्याला बजावून सांगितलं होतं, "या वाढदिवसाला मी तिथे असणार. तुम्ही न्या, नाहीतर मी जाते."

"तू जातेस? एकटी?" नरहरराव इतके हसले की त्यांना उचकी लागली. "अगं, तो काय इथला राजघाट आहे? तिथे प्रवास म्हणजे शास्त्र आहे, शास्त्र! ऐक. मुगलसरायहून गाडीने कोलकाता. तिथून बस सरहद्दीपर्यंत. सरहद्द पायी ओलांडायची. पलीकडे बेनापोल. तिथे चार प्रकारची वाहनं. एक, बस. दोन, सीएनजी, म्हणजे आपली ऑटो, पण पिंजऱ्याची. तीन, सायकलरिक्षा. आणि चार, व्हॅन. व्हॅन म्हणजे गाडी समजू नकोस, सायकलला जोडलेली फळी! त्यावर लोक पाय सोडून बसतात. घरंदाज बाईने त्या फळीवर बसायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

"आणि गर्दी?"

"गर्दी!" नरहररावांनी हात उडवला. "काशीत जन्म काढलेल्या माणसाला गर्दीची भीती दाखवतेस?"

तिकिटं निघाली, व्हिसा आले, बेसनाचे लाडू वळून झाले. "पासपोर्ट माझ्या पर्समध्ये द्या," गीताकाकू म्हणाल्या. "महत्त्वाचे कागद बाईमाणसाकडे देत नाहीत," नरहरराव म्हणाले. हे वाक्य बोलून आजवर कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

सगळं इतकं जमून आलेलं पाहून काशीनाथशास्त्र्यांना राहवलं नाही. दोन गल्ल्या सोडून राहणारे हे पुराणिकांचे जुने स्नेही. घाटावर पूजा सांगतात, आणि पूजा नसली की हरकती सांगतात.

"नरहरराव, गाडी शनिवारची?"

"शनिवारची."

"आणि कोलकाता कुठल्या दिशेला?"

"पूर्वेला. हे मला विचारता?"

"शनिवारी पूर्वेला दिशाशूळ! शनिवारी पूर्वेला पाऊल टाकायचं नाही."

गीताकाकूंच्या हातातलं भांडं तिथेच थांबलं. तिकीट रद्द केलं तर दुसरं मिळायला महिना. मग कसला वाढदिवस!

"घाबरू नका वहिनी, शास्त्राने सोय करून ठेवली आहे," काशीनाथशास्त्री म्हणाले. "प्रस्थान ठेवा! शुक्रवारी चांगल्या वेळेला प्रवासातलं काहीतरी सामान घरातून बाहेर काढायचं आणि दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे तुम्ही शुक्रवारीच निघालात. शनिवारी जाताना ते उचलायचं आणि पुढे जायचं. नियम एकच. प्रस्थान पुढेच जायला हवं. मागे फिरवलं की मोडलं! माझ्याकडेच ठेवा की."

"काय ठेवायचं?"

"सुपारी, तांदूळ, हळकुंड. आणि खरं म्हणजे ज्याच्यावाचून प्रवास होतच नाही, अशी एखादी वस्तू."

काशीनाथशास्त्र्यांच्या मनात जानवं असेल, पंचा असेल. पण नरहरराव खिडकीमागचा माणूस! ज्याच्यावाचून प्रवास होतच नाही, अशी वस्तू कुठली? त्यांच्या डोक्यात लखकन वीज चमकली. शुक्रवारी काकू स्वयंपाकघरात असताना त्यांनी खणाच्या पिशवीत सुपारी घातली, तांदूळ घातले, हळकुंड घातलं आणि वरून दोन्ही पासपोर्ट घातले. पिशवीचं तोंड सुतळीने आवळून बांधलं. साऱ्या काशीत इतकं अस्सल प्रस्थान आजवर कुणी ठेवलं नसेल, या आनंदात ते पिशवी शास्त्र्यांच्या घरी पोचवून आले.

"काय ठेवलंत हो?" काकूंनी विचारलं.

"सुपारी आणि तांदूळ. तुला काय करायचंय?"

शनिवारी सकाळी दोघं निघाली. काकूंच्या हातात चाकांची बॅग, नरहररावांच्या हातात लाडवांचा डबा. गाडी दुपारची होती. "वेळच वेळ आहे," नरहरराव म्हणाले. "शिवाय ही गाडी आजवर कधी वेळेवर आलेली नाही. मला विचार!"

शास्त्र्यांच्या दारात बकुळवहिनी उभ्या होत्या. त्यांनी दुरूनच दोन्ही हात वर केले.

"आत येऊ नका हं भाऊजी! रात्री सोयर आलं! यांच्या पुण्याच्या पुतण्याला मुलगा झाला. बच्चा पुण्यात, खबर व्हॉट्सॅपवर, आणि सोयर इथे आमच्या डोक्यावर!"

"अभिनंदन! पिशवी द्या."

"पिशवी नाही ना इथे! सोयर असलेल्या घरात तुमचं प्रस्थान ठेवायचं कसं? हे म्हणाले, परत तुमच्याकडे पाठवलं तर मोडेल. मग माझा भाचा प्रल्हाद आला होता रामनगरहून, त्याच्याबरोबर आगे पाठवलं. रामनगर पूर्वेलाच ना? प्रल्हादचं घर एकदम साफसुथरं आहे. टेन्शन नका घेऊ!"

नरहररावांचे पासपोर्ट रामनगरला! पण चेहरा खिडकीचा! तीस वर्षं गाड्या रद्द झाल्याचं सांगताना जो हलला नाही, तो आता काय हलणार? त्यांनी प्रल्हादला फोन लावला.

"हाँ काका, झोला मेरे पास है. देवाजवळ ठेवलाय. आप आराम से आइए!"

"ठीक आहे," नरहरराव म्हणाले. "रामनगरवरून मुगलसरायला जाऊ."

आपल्याला नीट ऐकू आलंय की नाही, असं गीताकाकूंना वाटलं. "अहो, राजघाटाचा पूल इथे नाकासमोर. तो ओलांडला की मुगलसरायचा सरळ रस्ता. रामनगर शहराच्या त्या टोकाला! सुपारीसाठी एवढा वळसा?"

"प्रस्थान आहे ते!"

"तुम्ही संध्या कधी करत नाही आणि आज एकदम प्रस्थान?"

नरहररावांनी डबा काखेत मारला आणि ते चालायला लागले. 'महत्त्वाचे कागद' हे शब्द त्यांच्याच घशात अडकले होते.

मैदागिनच्या नाक्यावर येऊन त्यांनी ई-रिक्षा केली. ती पुढच्या चौकापर्यंत गेली आणि थांबली. पुढची थांबली, मागची थांबली, सायकली थांबल्या, एक सांडसुद्धा थांबला. कुणीतरी मोठा माणूस दर्शनाला आला होता. मोठा माणूस देवाला भेटायला आला की लहान माणसांनी असतील तिथे उभं राहायचं, असा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण शिपायाच्या काठीत आहे.

"भैया, दूसरा रास्ता?" काकूंनी विचारलं.

"माताजी, सब बंद. रामनगर का पुल भी बंद है."

"बघा!" काकू म्हणाल्या. "देवच सांगतोय, राजघाटावरून जा."

"पर्याय असतात," नरहरराव म्हणाले आणि खाली उतरले. "ज्या देशात आपण चाललोय तिथे अर्धा प्रवास पाण्यावरून होतो. होडी!"

मग ती चाकांची बॅग पंचगंगेच्या पायऱ्यांवरून खाली उतरली. म्हणजे ती उतरली नाही, ती गडगडली, आणि काकू तिच्या मागून गडगडल्या नाहीत एवढंच. मोटारबोट मिळाली. प्रवाहाच्या उलट दिशेने, फटफट आवाज करत, रिकाम्या पोटाने डोंगर चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी ती निघाली. एकेक घाट मागे जाऊ लागला. नरहररावांना गप्प बसवेना.

"हा राजा घाट. अमृतराव पेशव्यांनी बांधला. आपल्या माणसांनी."

"आपण खुलन्याला जातोय की घाटदर्शनाला?" काकूंनी विचारलं. त्यांनी बॅगेवर दोन्ही हात असे ठेवले होते, जणू तिच्यात वेदांतच आहे. "हे बघा. आज गाडी चुकली तर वाढदिवस चुकला. मी एक वर्ष त्याला काचेतून बघतेय. तुमच्या सुपारीपायी माझं बोट त्याला लागलं नाही ना, तर मी तुम्हाला काय करीन ते तुमच्या चौकशीच्या खिडकीत कुणी विचारलेलं नसेल!"

हे त्या ओरडून म्हणाल्या नाहीत. अगदी शांतपणे म्हणाल्या. नरहररावांना त्या शांतपणाचीच भीती वाटली. आता सांगून टाकावं असं त्यांना एकदा वाटलं. तोंडही उघडलं. पण नेमका तेव्हाच नावाड्याने विचारलं, "बाबूजी, जाना कहाँ है?" आणि नरहररावांनी त्याला कोलकात्यापासून बेनापोलपर्यंतचा सगळा मार्ग सांगितला. सांगणाऱ्या माणसाचा हा रोगच असतो. घर पेटलं तरी तो आधी अग्निशमन दलाला जवळचा रस्ता समजावत बसतो.

रामनगरला प्रल्हाद काठावरच उभा होता. तरुण, हसतमुख, दोन्ही हात मोकळे.

"पिशवी?" नरहररावांनी होडीतूनच विचारलं.

"काका, चिंता मत कीजिए! मला कळलं, पूल बंद. म्हटलं, तुम्ही आता राजघाटावरून सीधे मुगलसरायला जाणार. शहाणा माणूस तेच करेल ना!"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"आणि झोला इथेच राहिला तर प्रस्थान मोडेल, मौसाजी माझा जीव घेतील. फोन लावले, तर होडीच्या आवाजात तुम्ही उचलले नाहीत. म्हणून आगे पाठवला! माझा दोस्त विष्णू तुमच्याच गाडीत ड्यूटीवर असतो, डब्यात चादरी देतो. तो निघालाच होता मोटारसायकलवर. मौसाजींना विचारून कोच नंबर, सीट नंबर, सब बता दिया!"

झालं! जे प्रस्थान शुक्रवारपासून निघालं होतं, ते एकदाही मागे वळलं नव्हतं. गल्लीतून रामनगर, रामनगरहून मुगलसराय. पिशवी शास्त्राप्रमाणे पूर्वेकडे चालली होती. मागे राहिली होती फक्त माणसं.

रामनगरहून मुगलसरायला टेम्पो होता. टेम्पोवाल्याच्या मते त्यात अजून जागा होती. टेम्पोवाल्याच्या मते जागा नेहमीच असते. काकू मागे दोन बायकांच्या मध्ये मावल्या, बॅग टपावर गेली, आणि नरहररावांना चालकाच्या सीटची उजवी कड मिळाली. एक पाय आत, एक पाय भारताच्या हवेत, मांडीवर लाडवांचा डबा. खड्डा आला की डबा वर उडे आणि नरहररावांच्या हनुवटीवर बसे.

"बांगलादेश में ऐसे ही चलता है," त्यांनी चालकाला माहिती दिली.

"तो फिर इतनी दूर काहे जा रहे हैं?" चालक म्हणाला.

मुगलसराय आलं. आता स्टेशनची पाटी बदलली असली तरी टेम्पोवाला तेच ओरडतो. काकूंनी बॅग उतरवून घेतली. प्रल्हादचा फोन आला, "काकीजी, विष्णूने झोला तुमच्या सीटवर ठेवलाय. गाडी खडी है!"

"गाडी उभी आहे! चला!" काकूंनी पदर खोचला.

"उभी कशी असेल? या वेळेला? शक्यच नाही," नरहरराव म्हणाले. "दुसरीच कुठलीतरी असेल. एक मिनिट. आधी चौकशी."

आणि ते चौकशीच्या खिडकीकडे वळले. घोडा तबेल्याकडे वळावा, तसे वळले. काकूंनी दोनदा हाका मारल्या. मग त्यांनी हाका मारणं सोडून दिलं आणि एका हमालाला विचारलं, "भैया, कोलकाता की गाडी?" त्याने बोट दाखवलं. त्या बोटाच्या दिशेने चालू लागल्या. एवढंच! प्रवासाचं सगळं शास्त्र त्यात आलं, पण ते नरहररावांना कोण सांगणार?

खिडकीत एक मुलगी बसली होती.

"कोलकात्याची गाडी किती लेट आहे?" नरहररावांनी हिंदीत विचारलं.

"राइट टाइम, अंकल. प्लॅटफॉर्म पर लगी है."

"असं कसं राइट टाइम? ही गाडी राइट टाइम नसते."

"आज है."

"बेटी, या खिडकीमागे मी तुझ्या जन्माआधीपासून बसलोय. नीट बघ. तास, दीड तास तरी असेलच."

"अंकल, छूट रही है!"

"सुटत नाही. सुटण्याआधी घोषणा होते."

घोषणा झाली. त्यांच्या डोक्यावरच्या भोंग्यातून, स्वच्छ, तीन भाषांत.

नरहरराव धावले. पुलाच्या पायऱ्या चढले, उतरले. गाडी हलली होती. एका डब्याच्या दारात गीताकाकू उभ्या होत्या, एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हातात खणाची पिशवी. त्यांचं तोंड हलत होतं, पण ऐकू येत नव्हतं. डबा पुढे गेला, मागचे डबे पुढे गेले, आणि शेवटच्या डब्यावरचं फुलीचं चिन्ह लहान लहान होत गेलं. फलाटावर राहिले नरहरराव आणि लाडू.

फोन वाजला.

"अहो! कुठे आहात? मागच्या डब्यात चढलात ना?"

"गीता, ऐक. ती पिशवी खाली ठेवू नकोस."

"सुपारीचं काय घेऊन बसलात!"

"त्यात पासपोर्ट आहेत."

"कुणाचे?"

"दोघांचे."

मग काकू म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला. सदतीस वर्षांच्या संसारात नरहररावांनी यापेक्षा भयंकर शब्द ऐकला नव्हता.

संध्याकाळी नरहररावांनीच परत फोन केला. दुसऱ्या गाड्यांची आरक्षणं त्यांनी पाहिली होती. येत्या पंधरवड्यात उभं राहायला जागा नव्हती. "तू कोलकात्याला थांब. स्टेशनवरच बस. मी काहीतरी मार्ग काढतो."

"तुम्ही मार्ग काढा," काकू म्हणाल्या. "मी जाते."

"एकटी? बेनापोलला उतरल्यावर डावीकडे..."

"विचारीन कुणालातरी."

"अगं, मग निदान माझा पासपोर्ट तरी कोलकात्यात कुणाकडे ठेव!"

"छे! प्रस्थान मागे ठेवायचं नसतं. पुढेच न्यायचं. शास्त्र आहे, शास्त्र!"

आता नरहररावांपुढे दुसराच पेच. घरी जायला निघाले तर काशीनाथशास्त्र्यांचा फोन! "खबरदार घराचा उंबरा ओलांडलात तर! तुमचं प्रस्थान अजून चालू आहे. तुम्ही घरी परतलात तर ते मोडेल, आणि वहिनी वाटेत आहेत! अशुभाला कारण होऊ नका." शास्त्र्यांकडे सोयर. राहिलं रामनगर. प्रल्हादने हसत हसत खाट घालून दिली.

रविवारी काकूंचा फोन लागलाच नाही. नरहरराव प्रल्हादच्या अंगणात येरझारा घालत राहिले. ती चुकली असेल. बसमधून भलतीकडे उतरली असेल. गर्दीत... पुढचं त्यांच्या मनात येईना. जेवण समोर तसंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तीनचार अनोळखी माणसांना विचारलं, "का हो, तिकडे पोचायला साधारण किती वेळ लागतो?" कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना सगळ्यांनी सांगितलं. काचेच्या पलीकडे उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते नरहररावांना तेव्हा कळलं असावं.

सोमवारी सकाळी फोन वाजला. व्हिडिओ. आधी छत दिसलं, मग एक फुगा, मग गीताकाकू. दोन रात्रींचं जागरण डोळ्यांत दिसत होतं, आणि मांडीवर वेदांत बसला होता. फोनमध्ये दिसायचा त्यापेक्षा केवढा तरी मोठा, गुबगुबीत, अगदी मांडीभर!

"पोचलीस?" नरहरराव फोनवर वाकले.

"कालच! फोनची बॅटरी संपली होती. काय सांगू, काही कठीण नाही हो! बसमध्ये तिकडच्याच जशोरची एक बाई शेजारी होती. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची, त्यामुळे फार छान जमलं. तिनेच पलीकडे मला व्हॅनवर बसवलं."

"व्हॅनवर! फळीवर?"

"पाय सोडून! काय वारा लागतो! आता इथून सगळीकडे व्हॅननेच जाणार आहे. तुम्ही ते डावीकडे म्हणत होतात ना, तिकडे नदी आहे."

मागून ईशानीचं हसणं ऐकू आलं. "बाबा, तुम्ही कधी येताय? आई म्हणते, तुमचा पासपोर्ट येऊन पोचला, आता तुम्ही तेवढे राहिलात!"

"येतोय," नरहरराव म्हणाले. "पुढच्या महिन्यात आरक्षण मिळेल. अनिमेषच्या ऑफिसातलं कुणी कोलकात्याला येत असेल तर त्याच्याबरोबर पासपोर्ट पाठव. जपून ठेवलायस ना? जरा दाखव बघू."

काकूंनी फोन हळूच खाली वळवला.

वेदांतला खालचे दोन दात नुकतेच आले होते. ते शिवशिवत असणार. त्याने निळं पुस्तक दोन्ही मुठींत घट्ट धरलं होतं आणि मन लावून चावत होता. एक कोपरा गेला होता. आजोबांचा फोटो असलेलं पान लाळेने लडबडलं होतं आणि फोटोतल्या आजोबांना कान राहिला नव्हता.

"अगं, काढ! काढ त्याच्याकडून!"

"काढून बघितलं," काकू म्हणाल्या. "रडतो. आज वाढदिवस आहे त्याचा."

नरहररावांनी फोन रामनगरच्या खाटेवर ठेवला. मग त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि नातवासाठी वळलेला लाडू स्वतःच्या तोंडात घातला. तेवढ्यात गल्लीतून जाणारा एक पांथस्थ दारात थबकला.

"बाबूजी, ये रास्ता घाट पर जाता है क्या?"

नरहररावांनी तोंडातला लाडू गिळला, डावीकडे बोट करायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

"किसी से पूछ लीजिए," ते म्हणाले.